चार अंकांचा संसार

कोणताही चार अंकी आकडा घ्या. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लावून सर्वांत मोठी संख्या करा, मग चढत्या क्रमाने लावून सर्वांत लहान. मोठीतून लहान वजा करा. जे उरेल त्याच्यावर पुन्हा हेच.

मी १९०५ घेते. ९५१० वजा ०१५९, उरले ९३५१. ९५३१ वजा १३५९, ८१७२. ८७२१ वजा १२७८, ७४४३. ७४४३ वजा ३४४७, ३९९६. ९९६३ वजा ३६९९, ६२६४. ६६४२ वजा २४६६, ४१७६. ७६४१ वजा १४६७, ६१७४. आणि इथून पुढे हलता येत नाही. ६१७४चे अंक लावले की परत ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथे येऊन पोचता.

१९०५ मी मुद्दाम घेतला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं हे जन्मसाल, आणि त्याला सातच्या सात पायऱ्या लागतात. ते गेले १९८६ साली. त्या आकड्याला सहा लागतात. पहिल्याच वजाबाकीत तो ८१७२ वर येतो आणि तिथून जन्मसालाच्याच वाटेने पुढे जातो. हे मला कुणी सांगितलेलं नाही. एका दुपारी वर्तमानपत्राच्या समासात मांडत बसले होते, तेव्हा दिसलं. हिशेबात योगायोगच असेल, पण कापरेकरांना तो आवडला असता असं मला मनापासून वाटतं.

मी नाशिकला राहते. देवळाली आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी सलग बत्तीस वर्षं कापरेकर शाळेत शिकवत होते. जन्म डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकुनी करत आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, म्हणजे घरात आकडेमोड होतीच. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्यात, फर्ग्युसनला. तिथे १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. त्यापुढे औपचारिक शिक्षण नाही. विद्यापीठातली खुर्ची नाही, मार्गदर्शक नाही, सहकारी नाहीत. शाळा, घर आणि आकडे.

६१७४चा हा स्वभाव त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. मोठ्या गणितज्ञांना तो पोरखेळ वाटला. आपल्या विद्यापीठांत त्या काळी ज्याला खरं गणित म्हणत, त्यात असल्या आकड्यांच्या गमतींना जागा नव्हती. कापरेकर छोट्या छोट्या पुस्तिका स्वतःच छापून घेत राहिले, परिषदांना जात राहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हे नाव कळलं. सत्तरीला आलेला माणूस. आज गणिताची आवड असलेलं जपानातलं किंवा ब्राझीलमधलं पोरगंही ‘कापरेकर स्थिरांक’ शोधून काढतं.

पण मला त्या १९७५ पेक्षा त्याच्या आधीची वर्षं जास्त खेचतात. शाळेची घंटा झाली, वह्या तपासून झाल्या, की हा माणूस उरलेला सगळा वेळ आकड्यांशी बसत होता. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९, पुन्हा २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९, पुन्हा ७०३. अशा संख्या शोधायला कागद, पेन्सिल आणि धीर लागतो, बाकी काही नाही. गाडीच्या प्रवासात डोंबिवली, म्हणजे तेव्हाच्या डेम्लो, स्टेशनवर एक कल्पना सुचली, तर त्या संख्यांना त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं: ‘डेम्लो’. त्यातले सर्वांत देखणे आकडे म्हणजे १२१, १२३२१, १२३४३२१. नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग. दुसऱ्या एका जातीला नाव दिलं ‘देवळाली’. आपण ज्या फलाटावर उभे राहिलो, ज्या गावात नोकरी केली, ती नावं उचलून त्यांनी अंकांच्या जगात नेऊन ठेवली. जो माणूस फार ठिकाणी फिरला नाही, त्याला ठिकाणाचं मोल असं कळतं.

साधेपणाबद्दल आजकाल पुष्कळ बोललं जातं. घर रिकामं करा, कपाटात मोजके कपडे ठेवा, फोनमधली अॅप काढा. हे सगळं मी केलं आहे आणि त्याचा उपयोगही होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कापरेकरांकडे बघताना वाटतं की आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. त्यांनी ‘आता आयुष्य साधं करू या’ असं ठरवलं असेल, हे मला पटत नाही. त्यांचं आकड्यांवर प्रेम होतं. ते एवढं पसरलं की बाकीच्या गोष्टींना जागा उरली नाही. आधी भरणं झालं, रिकामं होणं त्याच्या मागून आलं.

माझ्या बाबतीत ते कसं झालं हे सांगायला हवं, कारण मी कापरेकर नाही आणि मला आकड्यांत तसलं काही दिसत नाही. मी एका संस्थेत हिशेब लिहिते. घरी सासूबाई आहेत, नवरा आहे, मुलगा नोकरीला लागून पुण्याला गेला. चाळिशी ओलांडल्यावर, मुलगा मार्गाला लागल्यावर, बायकांना अचानक वेळ सापडतो असं म्हणतात. तो सापडला आणि मी तो भरून टाकला. सोसायटीची कमिटी, भिशी, सकाळचा योगवर्ग, शनिवारचा ट्रेकिंगचा गट, वाचकांचा गट, जलरंग, गच्चीवरची बाग, मोबाइलवर फ्रेंच. यातली एकही गोष्ट वाईट नव्हती. वाईट गोष्ट सोडायला फारसं बळ लागत नाही. कुणी ना कुणी पाठीशी उभं राहतं, डॉक्टर ओरडतात, घरचे टोकतात. चांगल्या गोष्टी सोडायला कुणीच सांगत नाही. उलट कौतुक होतं: ‘काय उत्साह आहे हो तुमचा!’ आणि त्या कौतुकात माणूस वर्षानुवर्षं दर गोष्टीच्या उंबरठ्यावर उभा राहतो. जलरंगाच्या तिसऱ्या चित्राला कधी पोचायचंच नाही. फ्रेंचमध्ये कायम कॉफीच मागत राहायचं.

मग पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं आणि त्यासाठी माळा रिकामा करावा लागला.

माळ्यावर भांडी होती. स्टीलची. ज्यांच्या घरात सत्तर-ऐंशीच्या दशकांत लग्नं, मुंजी, बारशी, वास्तुशांती झाल्या त्यांना हा ढीग वेगळा सांगायला नको. वाट्यांच्या चळती, फुलपात्रं, पितळी झाकणाचे डबे, एकात एक बसणारी पातेली, आणि प्रत्येकावर मशीनने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव आणि तारीख. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.’ ‘चि. सौ. कां. हिच्या विवाहानिमित्त सप्रेम भेट, मामा-मामी.’ माझी एक कळशी होती, तिच्यावर देणाऱ्याचं नाव घासून घासून पुसट झालं होतं, नुसतं ‘आहेर’ राहिलं होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खाली खुर्ची टाकून बसल्या आणि मी एकेक भांडं हातात दिलं की त्या नावावरून बोट फिरवून माणूस सांगत. कोण, कुठली, तिचं पुढे काय झालं. सगळ्या ढिगाला दुपार गेली.

शेवटी त्याच म्हणाल्या, “हे सगळं गावी देऊन टाक. देवळात पंगती असतात, त्यांना भाड्याने आणावी लागतात.”

मी म्हटलं, “आई, नावं आहेत हो सगळ्यांची.”

“मग बरंच आहे की. निदान जेवतील तरी त्यांच्यात कुणी.”

सिन्नरजवळच्या आमच्या गावी ती भांडी गेली. पण मला सांगायचं आहे ते त्या भांड्यांच्या मागे काय निघालं ते. एक पत्र्याची पेटी, तिच्यात लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्या. सासऱ्यांच्या आजोबांच्या. सगळ्या मोडी लिपीत.

मोडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायचं, बोरू शक्यतो न उचलता. शब्द तोडायचे नाहीत. विरामचिन्ह नाही. वेलांटी एकच, दीर्घ. उकार एकच, ऱ्हस्व. म्हणजे शुद्धलेखनाचा प्रश्नच मिटला. ‘र’ची रूपं शेजारच्या अक्षराप्रमाणे बदलतात. आणि लिहिणारा प्रत्येक माणूस आपल्या घाईने, आपल्या हाताच्या वळणाने लिहितो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपली पत्रं, खतं, गावाची दप्तरं, वाण्याचे हिशेब यात होते. मग बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, सगळीकडे आली आणि दोनच पिढ्यांत आपण आपल्याच घरातली वही उलटीसुलटी धरू लागलो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कपड्यात बांधलेले गठ्ठे, त्यांना तिथे रुमाल म्हणतात, वाचणाऱ्याची वाट बघत पडून आहेत. आणि तशाच पेट्या किती माळ्यांवर असतील.

शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, इतरही काही संस्था आणि जाणकार घेतात. मी अशाच एका वर्गाला गेले, बाराखडी गिरवली, आणि घरी येऊन पहिली वही उघडली तर एक ओळ लागेना. वर्गात शिकवलेलं अक्षर आणि वहीतलं अक्षर यांचं नातं चुलतचुलत असतं. पहिला शब्द लागला तो ‘गहू’. दुसरा ‘पायली’. त्या संध्याकाळी योगवर्गाचा ‘येताय ना?’ असा मेसेज आला होता तो मी रात्री पाहिला.

त्यानंतर मी काही सोडलं असं म्हणवत नाही. गोष्टी गळत गेल्या. आधी फ्रेंच गेलं, त्याचं कुणाला कळलंही नाही. मग भिशी. जलरंगाची पेटी शेजारच्या मुलीला दिली. ती त्यात बुडून गेली आहे, ते रंग आता योग्य हातात आहेत. कमिटीतून बाहेर पडणं जड गेलं, कारण तिथे माणसं होती आणि ‘तुम्ही नसलात तर कोण बघणार?’ हा प्रश्न होता. त्याचं उत्तर, दुसरं कुणीतरी बघतं, असं आहे, आणि बघतात. ट्रेकिंग मी ठेवलं नाही, चालणं ठेवलं. बाग कुंड्यांपुरती राहिली: तुळस, कढीपत्ता, गवती चहा. नोकरी आहे, आई आहेत, घर आहे, आणि वह्या आहेत.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर लिहायची आहे, कारण साधेपणावर बोलणारे ती बहुतेक वगळतात.

थोडक्यात भागवायचं हे बायकांना आपल्याकडे शिकवावं लागलेलं नाही. आमच्या आधीच्या पिढ्यांतल्या बायकांनी जन्मभर तेच केलं. पण त्यांनी काय कमी केलं? गाणं कमी केलं, वाचणं कमी केलं, माहेरी जाणं कमी केलं, झोप कमी केली. काम एकही कमी झालं नाही. सासूबाईंचा आवाज अजूनही सुरेल आहे. लग्नाआधी त्या पेटीवर गात. सासरी आल्यावर ती पेटी कुठे गेली हे त्या सांगतात तेव्हा आवाजात राग नसतो, आणि तो नसतो याचंच मला वाईट वाटतं. तेव्हा ‘गरजा कमी करा’ हा उपदेश कुणाला करायचा हे बघून करायला हवा. मला जे हवं होतं ते नेमकं उलट होतं: कामं कमी करून एक आवड ठेवायची. आणि ते एकटीने ठरवून होत नाही. संध्याकाळचा स्वयंपाक नवऱ्याने घेतला तेव्हा मला वहीपुढे बसता आलं. सुरुवातीला भाजी आणि पोळी एका वेळी तयार व्हायची नाही, आता होते. माझ्या साधेपणाचा निम्मा भार त्याच्या हातात आहे आणि हे मला लिहून ठेवायचं आहे.

कापरेकरांच्या घराचाही विचार मी याच अंगाने करते. शाळामास्तरच्या पगारात संसार, त्यात नवरा उरलेल्या वेळात आकड्यांच्या वह्या भरणार, वरून पुस्तिका पदरच्या पैशांनी छापणार. त्या घरात डब्यातले दाणे कुणीतरी मोजत असणार. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नी गेल्या. त्यानंतर निवृत्तिवेतनात भागेना म्हणून त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. आधीच काटकसरीत राहणारा माणूस, साठी उलटून गेलेली, आणि पोटासाठी शिकवण्या. ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. साधेपणा आणि ओढग्रस्त यांत फरक आहे, आणि तो फरक महिन्याच्या शेवटी पैसे उरतात का याने पडतो. ज्याने जगाला ६१७४ दिला त्याला म्हातारपणी निर्धास्तपणे वह्या भरता यायला हव्या होत्या. तशी सोय आपण केली नाही. ज्यांना एकाच कामात राहायचं आहे अशा माणसांच्या भातभाकरीची सोय करणं हे समाजाचं काम आहे. त्यांच्या त्यागाचं कौतुक केलं म्हणजे ते होत नाही.

आणि तरीही तो आनंदी होता. आकड्यांतल्या त्याच्या आनंदाबद्दल कुणाचंच दुमत नाही. पिणाऱ्याला जसं पीतच राहावंसं वाटतं तसं आपलं आकड्यांच्या बाबतीत होतं, असं कापरेकर स्वतःच म्हणत.

मोडीच्या वाटेवर आलं की विश्वनाथ काशिनाथ राजवाडे भेटतातच, त्यांना टाळून जाता येत नाही. एकाच कामावर आयुष्य लावलेला महाराष्ट्रातला सर्वांत टोकाचा माणूस. तरुणपणीच पत्नी गेली, पुन्हा लग्न केलं नाही. हाताने स्वयंपाक करायचा, मोजक्या कपड्यांवर राहायचं, आणि गावोगाव हिंडून माळे, पेव, अडगळी यांतून कागद गोळा करायचे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यातून उभे राहिले. पहिला १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं त्यातही तेच. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्याला गेले. मी जी लिपी संध्याकाळी हौसेने वाचते ती वाचण्याजोगे कागद आज उरले, ते वाळवी आणि बंबाच्या तोंडातून ज्यांनी काढले त्यांच्यामुळे, आणि त्यांत राजवाडे अग्रभागी. त्यांच्यापुढे मी मान झुकवते. पण त्यांच्यासारखं जगावंसं मला वाटत नाही. ते तापट होते, माणसं तोडत, मतभेद झाला की दूर जात. एका गोष्टीवर सगळं लावताना माणसांनाही अडगळीत टाकता येतं, आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण ते तपश्चर्येच्या खात्यावर लिहितो. मला कापरेकर जवळचे वाटतात. त्यांनी आपला खेळ मुलांच्या हातात दिला. चौथीतलं मूल वजाबाकी शिकलं की ६१७४ ला पोचू शकतं. कुणाच्याही माळ्यावर चढावं लागत नाही.

माणसं कमी करायची का, हा प्रश्न खरं तर मलाही पडला होता. आमंत्रणं, डोहाळजेवणं, हळदीकुंकू, रिटायरमेंटचे समारंभ, फोनवरचे एकूण एक ग्रुप. मी ठरवलं ते एवढंच: जिथे माझं जाणं एखाद्या माणसासाठी आहे तिथे जायचं, जिथे हजेरीसाठी आहे तिथे नाही. आजारी माणसाकडे जाते, आणि जाते तर बसते; घड्याळ बघत नाही. मोठ्या लग्नांना हल्ली जात नाही. लग्न पार पडल्यावर, घर शांत झाल्यावर, मुलीच्या आईला भेटायला जाते. तेव्हा तिला खरी गरज असते. यात काही माणसं दुरावली. जी राहिली त्यांच्याशी बोलणं पूर्वीपेक्षा लांब आणि सावकाश चालतं.

आणि एक नातं तर या वह्यांमुळेच नव्याने जुळलं.

पहिल्या वहीत धान्याचा हिशेब आहे. कुणाला किती दिलं, किती परत आलं, किती बाकी. शब्द लागायला लागले तसे मापांपाशी अडखळायला झालं. संक्षेप करून लिहिलेली मापं, पुढे आकड्यांच्या खुणा. मी हिशेबाच्या नोकरीत आयुष्य काढलं, पण सगळं किलोत. एकदा आईंना सहज विचारलं तर त्यांनी लसूण सोलता सोलता वर न बघता सांगितलं, “दोन चिपटी म्हणजे एक मापटं. दोन मापटी एक शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली.” सोळा चिपट्यांची पायली. मी पटकन कागदावर मांडलं आणि वहीतल्या बेरजा त्या मापाने करून पाहिल्या. जमल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने केलेली बेरीज माझ्या टेबलावर जमली. हातचे चिपट्याचे धरायचे, शेराचे धरायचे, मग पायलीचे. दहा-दहाने हातचा घेणाऱ्या मला ते नवीन होतं आणि हिशेबनीस म्हणून त्या माणसाबद्दल आदर वाटला.

त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी येऊन बसतात. त्यांना मोडी येत नाही. पण मी शब्द वाचला की त्या वस्तू सांगतात. ‘सनगर’ आलं की घोंगडी विणणारा. ‘बलुतं’ आलं की कुणाला किती पेंढ्या जायच्या आणि खळ्यावर ते कसं वाटलं जायचं. एका पानावर एका बाईचं नाव आहे, विधवा असावी, तिच्या नावावर वर्षभर थोडं थोडं धान्य दिलेलं आणि जमेच्या बाजूला काहीच नाही. वर्षाअखेर बाकी न काढता खातं तसंच बंद केलेलं. असं पान खतावणीत दुसरं नाही. मी ते हिशेबाच्या नजरेने पाहत होते, चूक शोधत होते. आई म्हणाल्या, “चूक नाही ती. मागायचं नव्हतं त्यांना.” मग कितीतरी वेळ आम्ही त्या दोन माणसांबद्दल बोलत बसलो, घेणाऱ्या आणि देणाऱ्या.

एका वहीत एवढं असतं, हे मला आठ गोष्टींच्या उंबरठ्यावर उभी असताना कळणं शक्य नव्हतं. कापरेकरांच्या बाबतीतही मला हेच दिसतं. चार अंक, वजाबाकी, पुन्हा तेच. बाहेरून बघणाऱ्याला तो कोंडवाडा वाटेल. आत बसलेल्या माणसाला त्यात आयुष्यभर पुरेल एवढं काम मिळालं, आणि त्यांच्यानंतरच्या गणितज्ञांनाही अजून मिळतं आहे. खोली त्या आकड्यात होती की त्या माणसाच्या बसण्यात, हे मला वेगळं काढता येत नाही.

आता दोन वह्या पूर्ण वाचून बाळबोधीत उतरवून झाल्या आहेत. मुलाने सुचवलं की पानांचे फोटो काढून ठेव, ते चालू आहे. कागद ठिसूळ झालाय, दर वेळी उलगडला की घडीवर कण पडतात. तिसरी वही वेगळ्या हाताची आहे. अक्षर बारीक, रेघ वाकडी, आणि मजकूर धान्याचा नसून पैशांचा दिसतो, रुपये-आणे-पै. कुणाचं तरी लग्न असावं, कारण एका पानावर आईंनी ‘खण’ आणि ‘नारळ’ हे दोन शब्द माझ्या आधी ओळखले. बाराखडी येत नसताना, नुसत्या आकारावरून. परवापासून त्यांनी माझ्याकडून पाटी मागून घेतली आहे आणि मोडीचा ‘ग’ गिरवायला सुरुवात केली आहे. वय वर्षं ब्याऐंशी. त्या म्हणतात की आपलं आपण वाचता आलं पाहिजे. पेटीचंही मी बघते आहे. मेन रोडच्या बाजूला एक दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे जुनी, बरी वाजणारी एक आहे असं कळलं आहे. रविवारी दोघी जाऊन वाजवून बघणार आहोत.